प्रसूतिवेदना, एपिड्यूरल आणि सिझेरियन



सूतिकागृहाबाहेरच्या बाकावर ज्यांनी एखादी रात्र काढली आहे, त्यांना आजच्या विषयाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. अशी एक रात्र आम्हीही काढली आहे. शेजारच्या घरातील मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. दुपारी कळा सुरू झाल्या आणि दिवेलागणीपर्यंत तिचा आवाज बाहेर ऐकू येऊ लागला. डॉक्टरीणबाई दाराशी येऊन म्हणाल्या, "पाठीत इंजेक्शन देऊन कळा कमी करता येतील. भूल देणारे डॉक्टर आज रात्रभर इथेच आहेत. देऊ का?" मुलीच्या आत्याबाई ताडकन उठल्या. "नको हो बाई! ते इंजेक्शन घेतलं की सिझेरियन ठरलेलंच. माझ्या नणंदेच्या सुनेचं तसंच झालं." आईने मान डोलावली. मुलीला कोणी विचारले नाही. पहाटे बाळाचे ठोके मंदावू लागले आणि शेवटी सिझेरियनच करावे लागले. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. सकाळी चहा घेताना आत्याबाई म्हणाल्या, "बरं झालं, ते इंजेक्शन घेतलं नाही."

आम्ही मनात म्हटले, घेतले असते तर? सिझेरियन बहुधा तेव्हाही टळले नसते. पण त्याचे खापर मात्र इंजेक्शनच्या माथी फुटले असते आणि नणंदेच्या सुनेच्या गोष्टीला आणखी एक गोष्ट जोडली गेली असती. आजचा सगळा विषय ह्या एका प्रश्नात आला आहे. इंजेक्शनमुळे सिझेरियन होते, की जिचे बाळंतपण आधीच अडू लागलेले असते तीच इंजेक्शन मागते?

प्रथम हे इंजेक्शन म्हणजे काय ते पाहू. बाळंतपणाच्या पहिल्या भागात गर्भाशय आकुंचन पावून आपले तोंड हळूहळू उघडत असते. ते दहा सेंटिमीटरपर्यंत उघडले की दुसरा भाग सुरू होतो आणि आईने जोर करून मूल बाहेर लोटावयाचे असते. पहिल्या भागातील वेदना पाठीच्या खालच्या मणक्यांजवळून मज्जारज्जूत शिरणाऱ्या मज्जातंतूंवाटे मेंदूकडे जाते. दुसऱ्या भागातील वेदना त्याहूनही खालच्या, माकडहाडाच्या वरच्या भागातील तंतूंवाटे जाते. मज्जारज्जूभोवती एक जाड आवरण असते. त्या आवरणाच्या बाहेर, पण कण्याच्या पोकळीच्या आत, चरबी आणि बारीक शिरांनी भरलेली एक अरुंद जागा आहे. आवरणाबाहेरची म्हणून तिला एपिड्यूरल म्हणतात. प्रौढ माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. भूलतज्ज्ञ सुई घालतात ती त्याच्याही खाली. सुई जागेवर पोचली की तिच्यातून दोऱ्यासारखी बारीक नळी आत सरकवतात, सुई काढून घेतात आणि नळी पाठीला चिकटवून ठेवतात. मग त्या नळीतून थोडे थोडे औषध सोडता येते. स्त्री शुद्धीवर असते, बोलते, बाळाचे पहिले रडणे ऐकते.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. सिझेरियनच्या वेळी पाठीत देतात ते इंजेक्शन बहुधा निराळे असते. त्यात बारीक सुईने ते आवरण भेदून आतल्या पाण्यात थोडे औषध एकदाच सोडतात आणि काही मिनिटांत कमरेखालचे अंग पुरते बधिर होते. त्याला स्पायनल म्हणतात. आपल्या गावांतील बहुतेक बायकांना पाठीतले इंजेक्शन ठाऊक झाले ते सिझेरियनच्या निमित्ताने. तेव्हा इंजेक्शन आणि सिझेरियन ह्यांची गाठ त्यांच्या मनात पक्की बसली ह्यात नवल नाही. पण तेथे सिझेरियन आधी ठरलेले असते आणि इंजेक्शन त्याच्यासाठी दिलेले असते. बैलामागून गाडी येते हे खरे. पण गाडी ओढावयाची म्हणूनच बैल जुंपलेला असतो.

वेणा कमी कराव्या की नाही हा वाद जुना आहे. एडिंबरोचे डॉक्टर जेम्स यंग सिम्प्सन ह्यांनी १८४७ साली बाळंतपणात प्रथम ईथर व पुढे क्लोरोफॉर्म वापरले, तेव्हा स्त्रीने वेदनेतच मूल प्रसवावे अशी देवाची आज्ञा आहे, असे बायबलचा दाखला देऊन सांगणारे निघाले. १८५३ साली खुद्द व्हिक्टोरिया राणीने आपल्या आठव्या बाळंतपणात डॉक्टर जॉन स्नो ह्यांच्या हातून क्लोरोफॉर्म घेतले आणि त्या वादाची धार बोथट झाली. परंतु क्लोरोफॉर्म आईच्या शुद्धीवर आणि बाळाच्या श्वासावर परिणाम करी. नुसती वेदनेची वाट अडवावी आणि बाकीचे शरीर जागे ठेवावे, ही कल्पना पुढे आली. स्पेनमधील लष्करी शल्यवैद्य फिडेल पाजेस ह्यांनी १९२१ साली कमरेतील एपिड्यूरलची रीत प्रसिद्ध केली. दोनच वर्षांनी ते मोटार अपघातात गेले आणि त्यांचे काम बराच काळ झाकलेले राहिले. पुढे हवानाचे डॉक्टर मार्तीनेझ कुर्बेलो ह्यांनी १९४७ च्या सुमारास त्या जागेत नळी ठेवण्याची रीत आणली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांत एपिड्यूरल सर्रास झाले.

आणि त्याच काळात तिकडे सिझेरियनही वाढू लागले. दोन आलेख जोडीने चढू लागले तेव्हा पुष्कळांनी त्यांची सांगड घातली. ही शंका अडाणी नव्हती. तिला शरीरशास्त्राचा आधार होता. औषधाने ओटीपोटातील स्नायू सैल पडले तर बाळाचे डोके नीट वळणार नाही; जोर करण्याची नैसर्गिक ऊर्मी आईला जाणवणार नाही; बाळंतपण लांबेल, आणि लांबले की डॉक्टर सुरी हाती घेतील. सिझेरियनची भीतीही पोकळ नाही. गर्भाशयावर व्रण राहतो आणि पुढच्या गरोदरपणी वार त्या व्रणावर रुजण्याचा धोका वाढतो.

जुने तपास ह्या शंकेला दुजोरा देत होते. ज्या बायकांनी एपिड्यूरल घेतले त्यांच्यात सिझेरियन अधिक, ज्यांनी घेतले नाही त्यांच्यात कमी, असे रुग्णालयांच्या वह्या सांगत. पण असा हिशेब फसवा असतो. ज्या घरी वैद्यांच्या फेऱ्या अधिक, त्या घरी मृत्यू अधिक, असे कोणी मोजून दाखविले तर वैद्य मृत्यू आणतात असे आपण म्हणू काय? दुखणे भारी असते म्हणून वैद्य येतो. तसेच येथे आहे. बाळ मोठे असले, त्याचे तोंड वरच्या बाजूस वळलेले असले, कळा कृत्रिम औषधाने सुरू केलेल्या असल्या, तर वेदना अधिक आणि दीर्घ. अशी स्त्री एपिड्यूरल मागते. आणि नेमक्या अशाच स्त्रीला पुढे सिझेरियन लागण्याचा संभवही अधिक. जिचे बाळंतपण तीन-चार तासांत सुकर झाले, तिला इंजेक्शन मागण्यास वेळच कुठे मिळतो? आपले नैयायिक ज्याला काकतालीय न्याय म्हणत, त्याहून हा गुंता अवघड आहे. कारण येथे कावळा बसणे आणि फांदी मोडणे ह्या दोहोंना तिसऱ्याच एका कारणाने आणलेले असते.

मग खरे कसे शोधावे? त्याची रीत सोपी आणि निष्पक्ष आहे: चिठ्ठ्या टाकावयाच्या. वेणा सुरू झालेल्या, संमती देणाऱ्या स्त्रियांची चिठ्ठ्यांनी दोन गटांत वाटणी करावयाची; एका गटाला एपिड्यूरल, दुसऱ्याला शिरेतून वा स्नायूतून वेदनाशामक औषध. चिठ्ठीला अवघड बाळंतपण आणि सोपे बाळंतपण ह्यांतला भेद कळत नाही, त्यामुळे दोन्ही प्रकारच्या स्त्रिया दोन्ही गटांत सारख्याच जातात. उरतो तो फरक औषधाचा.

अशा रीतीने १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने खळबळ उडविली. ९३ पहिलटकरणींत एपिड्यूरल गटात २५ टक्के सिझेरियन झाली, दुसऱ्या गटात २ टक्क्यांहून किंचित अधिक. आत्याबाईंचे म्हणणे खरे ठरले असे वाटण्याजोगा हा आकडा. परंतु ९३ ही संख्या लहान होती. शिवाय कोणाला काय दिले हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दिसत होते. सिझेरियनचा निर्णय घेणारा माणूस जर आधीच एपिड्यूरलला भीत असेल, तर त्या भीतीचाही निकालावर परिणाम होतो.

ह्यानंतर टेक्सासमधील डॅलस शहराच्या पार्कलँड ह्या सार्वजनिक रुग्णालयाने हा प्रश्न धसास लावला. तेथे एकामागून एक प्रयोग झाले. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ७१५ स्त्रिया होत्या: एपिड्यूरल गटात ४ टक्के सिझेरियन, दुसऱ्या गटात ५ टक्के. पुढे तेथील पाच प्रयोगांतील २७०३ पहिलटकरणींचा एकत्र हिशेब २००४ साली मांडला गेला. एपिड्यूरल गटात सिझेरियन १०.५ टक्के, दुसऱ्या गटात १०.३. म्हणजे फरक नाहीच.

अशा प्रयोगांत एक अडचण येते, ती सांगितलीच पाहिजे. कारण तिच्यातच मूळ कोडे उकलते. ज्यांच्या चिठ्ठीत एपिड्यूरल नव्हते, त्यांतील काहींच्या वेदना असह्य होऊन त्यांनी ते मागून घेतले; आणि ज्यांच्या चिठ्ठीत होते, त्यांतील काही ते घेण्यापूर्वीच बाळंत झाल्या. आता मोजणी प्रत्यक्ष घेतलेल्या औषधाप्रमाणे केली, तर अवघड बाळंतपणे एपिड्यूरलच्या खाती आणि सोपी दुसऱ्याच्या खाती जमा होतात. म्हणून मोजणी चिठ्ठीप्रमाणेच करावी लागते. म्हणजे बघा, प्रयोगशील डॉक्टरांच्या डोळ्यांदेखतही तीच निवड होत होती, जी आत्याबाईंच्या नात्यागोत्यात नकळत होत आली.

चिठ्ठ्यांवर विश्वास न बसणाऱ्यांसाठी आणखी दोन ठिकाणांचे दाखले आहेत. १९९३ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने लष्करी रुग्णालयांत मागेल तिला एपिड्यूरल मिळावे असे ठरविले. हवाई बेटांवरील होनोलुलूच्या ट्रिपलर लष्करी रुग्णालयात ह्यापूर्वी शेकडा एखादीच स्त्री ते घेत असे. वर्षभरात हे प्रमाण ८० टक्क्यांच्या घरात गेले. रुग्णालय तेच, येणाऱ्या स्त्रिया त्याच लष्करी कुटुंबांतल्या. सिझेरियनच्या प्रमाणात मात्र म्हणण्याजोगा फरक पडला नाही. दुसरे ठिकाण आयर्लंडमधील डब्लिनचे नॅशनल मॅटर्निटी हॉस्पिटल. तेथे १९८७, १९९२ आणि १९९४ ह्या तीन वर्षांतील प्रत्येकी पहिल्या एक हजार पहिलटकरणी पाहिल्या. एपिड्यूरल घेणाऱ्या अनुक्रमे १०, ४५ आणि ५७ टक्के. सिझेरियन ४, ५ आणि ४ टक्के. एपिड्यूरल सहापट वाढले आणि सिझेरियन जागच्या जागी राहिले.

डब्लिनच्या आकड्यांत आणखी एक धडा आहे. तेथील ४ टक्के हा आकडा इतर अनेक ठिकाणांच्या मानाने फारच लहान होता. त्या रुग्णालयात वेणा खऱ्या सुरू झाल्या आहेत की नाहीत हे ठरविण्याची शिस्त होती, प्रगती ठरावीक अंतराने तपासली जाई, आणि प्रत्येक स्त्रीजवळ तिची स्वतःची एक सुईण अखेरपर्यंत बसून असे. तात्पर्य, सिझेरियन किती होतील हे पाठीतल्या नळीपेक्षा प्रसूतिकक्षाच्या रीतिभातींवर अधिक अवलंबून आहे.

'घ्यावयाचे तर घ्या, पण तोंड चार-पाच सेंटिमीटर उघडेपर्यंत थांबा,' असाही एक सल्ला असे. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनेही २००० साली तसेच सुचविले होते. पुढे २००५ साली शिकागोच्या एका प्रयोगात ७५० पहिलटकरणींना चिठ्ठ्यांनी लवकर वा उशिरा इंजेक्शन दिले गेले. लवकर घेणाऱ्यांत सिझेरियन १७.८ टक्के, उशिरा घेणाऱ्यांत २०.७, हा फरक योगायोगात जमा होण्याइतका लहान होता, आणि लवकर घेणाऱ्यांचे बाळंतपण लांबण्याऐवजी थोडे आधी आटोपले. २००६ साली संघटनेने आपला सल्ला बदलला. कित्येक स्त्रियांनी 'अजून थोडे थांब' हे शब्द ऐकत काढलेले तास विनाकारण होते, असा ह्याचा अर्थ.

तर मग ह्या इंजेक्शनात काहीच खोट नाही काय? आहे, आणि ती लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. बाळंतपणाचा दुसरा भाग काहीसा लांबतो. पार्कलँडच्या त्याच हिशेबात चिमटा लावून मूल काढण्याचे प्रमाण एपिड्यूरल गटात १३ टक्के तर दुसऱ्यात ७ टक्के होते. येथे जुन्या शंकेत तथ्य होते. पण त्यावरही उपाय निघाला तो औषध पातळ करण्याचा. पातळ औषधाने वेदनेचे तंतू शांत होतात, पायांतले बळ मात्र बरेचसे शाबूत राहते. ब्रिटनमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, हजाराहून अधिक स्त्रियांच्या प्रयोगात जुन्या दाट औषधाने ३५ टक्के स्त्रिया चिमट्याशिवाय व सुरीशिवाय प्रसूत झाल्या, पातळ औषधाने ४३ टक्के. आणि २०१८ साली चाळीस प्रयोगांतील ११,००० हून अधिक स्त्रियांचा जो एकत्र आढावा घेण्यात आला, त्यात सिझेरियनमध्ये फरक आढळला नाही; चिमट्यांची वाढ जुन्या प्रयोगांत दिसली, पण २००५ नंतरच्या प्रयोगांपुरते पाहता ती दिसेनाशी झाली.

आणखी काही गोष्टी ध्यानी ठेवाव्या. आईचा रक्तदाब उतरू शकतो, म्हणून तो वरचेवर मोजावा लागतो. काहींना ताप येतो. सुई चुकून आवरणाच्या आत गेली तर काही दिवस तीव्र डोकेदुखी होते. शंभरात सुमारे एकीला हा त्रास होतो. सुमारे आठांत एकीला इंजेक्शनचा पुरेसा गुण येत नाही आणि नळी नीट करावी लागते. रक्त गोठण्यात दोष असेल, किंवा कमरेवर सुईच्या जागी जंतुसंसर्ग असेल तर हे इंजेक्शन देत नाहीत. मात्र 'जन्मभर कंबर धरते' ही जी समजूत घरोघर आहे, तिला चिठ्ठ्यांच्या प्रयोगांनी आधार दिलेला नाही. बाळंतपणानंतर कंबर पुष्कळींची दुखते. इंजेक्शन घेतलेल्यांची आणि न घेतलेल्यांचीही. उलट एक सोय अशी की, काही कारणाने सिझेरियन करावेच लागले, तर त्याच नळीतून अधिक औषध सोडून भूल देता येते आणि बहुधा संपूर्ण भूल टळते.

आता आपल्या घराकडे वळू. २०१९ ते २०२१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील शेकडा २१.५ बाळंतपणे सिझेरियनने झाल्याचे आढळले. सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खासगीत ४७.४. आणि एपिड्यूरल? ते आपल्याकडे मोठ्या शहरांतील मोजक्या रुग्णालयांपुरतेच आहे. तालुक्याच्या गावी भूलतज्ज्ञ येतात ते बहुधा शस्त्रक्रियेपुरते. कळा देणाऱ्या बाईजवळ रात्रभर थांबणारे विरळा. म्हणजे जेथे एपिड्यूरल जवळपास नाहीच, तेथेही सिझेरियन वाढतच आहेत. ज्या चोराने गावात पाऊलही टाकले नाही, त्याच्यावर घरफोडीचा आळ घेण्यासारखे हे आहे. खरी कारणे शोधावयाची तर ती इतरत्र शोधावी लागतील: सरकारी आणि खासगी दवाखान्यांतील ह्या तिपटीच्या अंतरात, पहिल्या सिझेरियननंतर दुसरेही तसेच करण्याच्या वहिवाटीत, आणि बाळंतपणाला वेळ देण्याच्या अनिच्छेत.

मात्र भूलतज्ज्ञ हजर नसताना, रक्तदाब आणि बाळाचे ठोके पाहणारे कोणी नसताना हे इंजेक्शन मागू नये. ते देण्याइतकेच दिल्यानंतर लक्ष ठेवणे महत्त्वाचे आहे. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यातच डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून ठेवाव्या. वेणा कमी करण्याची सोय येथे आहे काय? रात्री भूलतज्ज्ञ थांबतात काय? आणि प्रसूतिकक्षात घरचे एक माणूस सोबत राहू शकते काय?

ह्या तिसऱ्या प्रश्नाचे कारण सांगून आटोपते घेतो. सिझेरियन कमी करणारी एक गोष्ट चिठ्ठ्यांच्या प्रयोगांत खरोखरच सापडली आहे, आणि ती औषध नव्हे. २०१७ साली २६ प्रयोगांतील १५,००० हून अधिक स्त्रियांचा आढावा घेण्यात आला. कळांच्या काळात जिच्याजवळ धीर देणारे माणूस सतत होते, तिला सिझेरियन कमी लागले. आपल्या सरकारनेही २०१६ साली सार्वजनिक दवाखान्यांत बाळंतिणीसोबत एका नातलग बाईला राहू द्यावे असे ठरविले आहे.

आम्हांला पुन्हा ती रात्र आठवते. आत्याबाईंचे भाचीवर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? त्या रात्रभर हातात जपमाळ घेऊन बाकावर बसून होत्या. दारावर उभ्या राहून त्यांनी इंजेक्शन अडविले, त्याने सिझेरियन टळले नाही. टळला तो मुलीला मिळू शकणारा आराम. त्याच आत्याबाई आत जाऊन तिची पाठ चोळत बसल्या असत्या, आणि "बाई, तुला सोसवतंय का? इंजेक्शन हवं का?" एवढे विचारले असते, तर ते अधिक उपयोगी पडले असते. उत्तर काय यावयाचे ते त्या मुलीचे तिने दिले असते. काही स्त्रिया नको म्हणतात आणि आनंदाने निभावून नेतात. त्यांचाही तो अधिकार आहे. सोसावयाचे जिला आहे तिला विचारल्याशिवाय, आणि जे खरे ठरले नाही त्याचे भय घालून, तो निर्णय बाकावर बसलेल्या आपण घेऊ नये, एवढेच आमचे मागणे आहे.